किती किलोची मोटार घेऊ, मामा?

आमच्या कोल्हापूरकडं मोटार म्हटली की पहिला प्रश्न ठरलेला: किती एचपीची? विहिरीवर तीन, नदीवर साडेसात, गिरणीला दहा. उसाला पाणी पाजणाऱ्या माणसाला मोटारीबद्दल एवढं कळलं तरी आयुष्य निघतं. स्टेपर, म्हणजे ठरलेल्या छोट्या पावलांनी फिरणाऱ्या, मोटारीच्या बाजारात एचपीच्या जागी ‘किलो’ येतो, एवढाच फरक. भाच्यानं मखरं कापायला घरीच सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या हुकमानं लाकूड कापणारं मशीन, बांधायचं मनावर घेतलं आणि फोन करून विचारलं, "मामा, किती किलोची मोटार घेऊ?" मला हसू आलं. सहा वर्षांपूर्वी हाच प्रश्न घेऊन मी बाजारात गेलो होतो आणि तीन जडजूड मोटारी घेऊन परत आलो होतो. त्यातल्या दोन आजही माळ्यावर आहेत.

फोनवर समजावून सांगताना त्याच्या मागं कुणीतरी ग्राइंडर सुरू केला, म्हणून हे लिहून काढतोय.

२०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि आमच्या गल्लीतली मखरं प्लाय-एमडीएफवर आली. जिगसॉनं महिरप कापून कापून पोरांची बोटं सुजायची. मी टर्नरचा मुलगा, वडिलांचं लेथ शिवाजी उद्यमनगरात. स्वतः वीस-बावीस वर्षं शिरोलीच्या एमआयडीसीत मेंटेनन्स केलेला. कारखान्यातल्या मोठ्या मशीनच्या सर्व्हो मोटारी काढून-घालून हात मळलेले. घरचं राउटर म्हणजे काय, चार रविवारचं काम, अशी माझी समजूत होती.

फ्रेम खरंच चार रविवारात झाली. ९०० बाय ६०० मिलिमीटर कापता येईल असं मशीन, १६०५ चे बॉल स्क्रू, म्हणजे १६ मिलिमीटर जाडीचा स्क्रू आणि एका फेऱ्यात ५ मिलिमीटर चाल. मोटारी मात्र मी ‘मोठ्या घेतल्या की नंतर कटकट नको’ या हिशेबानं घेतल्या: नेमा ३४ (हे मोटारीच्या तोंडाचं माप), प्रत्येकी ८५ किलोच्या, एकेकीचं वजन जवळपास चार किलो. ड्रायव्हर, म्हणजे मोटारीला मोजून करंट देणारं खोकं, स्वस्तातला, ४ अँपिअरचा. पॉवर सप्लाय घरात पडलेला २४ व्होल्टचा. पहिल्या दिवशी हातानं गॅन्ट्री, म्हणजे कापणारं डोकं वाहणारी सरकती कमान, अडवून बघितली. टेबल हललं, पण मोटार हटेना. शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. दुसऱ्या दिवशी फीड, म्हणजे सरकायचा वेग, मिनिटाला दीड मीटरच्या वर नेला तशी मोटार किंचाळली आणि जागच्या जागी थरथरत उभी राहिली. ८५ किलोची मोटार, आणि रिकामी गॅन्ट्री ओढेना!

उभा बैल आणि पळता बैल

मोटारीवर लिहिलेला किलोचा आकडा म्हणजे किलो-सेंटिमीटर, आणि तो होल्डिंग टॉर्कचा असतो. मोटार *थांबलेली* असताना, पूर्ण करंट दिलेला असताना, ती शाफ्टला किती घट्ट धरून ठेवते त्याचं हे माप. काही कंपन्या न्यूटन-मीटर लिहितात; त्याला ढोबळमानानं दहानं गुणा, किलो-सेंटिमीटर मिळतात. १.९ न्यूटन-मीटर म्हणजे साधारण १९ किलो.

पण राउटरला उभ्या बैलाचा उपयोग नाही. चिखलात गाडी खेचणारा बैल वेगळा आणि शर्यतीत पळणारा वेगळा, हे ज्यानं शर्यत बघितलीय त्याला सांगायला नको. स्टेपर मुळात पहिल्या जातीची. जसा वेग वाढतो तसा तिचा जोर उतरत जातो. कारण असं: एका स्टेपला १.८ अंश फिरणारी मोटार एका फेऱ्यात २०० स्टेप घेते, आणि प्रत्येक स्टेपला कॉइलमधला करंट बदलावा लागतो. कॉइल म्हणजे वेटोळं, त्याला इंडक्टन्स असतो, करंट त्यात हळूहळू चढतो. फेरे कमी असतील तर करंटला पूर्ण चढायला वेळ मिळतो. ६०० आरपीएमला सेकंदाला २००० स्टेप होतात, एका स्टेपला अर्धा मिलिसेकंद. तेवढ्यात करंट अर्धाच चढला तर जोरही अर्धाच. शिवाय रोटर, म्हणजे मोटारीतला फिरणारा गाभा, स्वतः उलटा व्होल्टेज तयार करतो, तो आणखी आडवा येतो.

माझ्या नेमा ३४ चा इंडक्टन्स साडेसहा मिलिहेन्री होता आणि मी तिला २४ व्होल्ट दाखवत होतो. शिवाय तिचा रोटर इतका जाड की त्यालाच वेग द्यायला अर्धा जोर खर्ची पडत होता. मोठी घेतली म्हणूनच ती चालेना.

बिटपासून मागं या

म्हणून मोटार शेवटी निवडायची. सुरुवात कोलेटच्या पकडीत धरलेल्या, लाकूड कापणाऱ्या बिटपासून.

भाच्याचं काम १२ मिलिमीटर एमडीएफचं, बिट ६ मिलिमीटरचा, दोन धारांचा. एमडीएफमध्ये अशा बिटच्या प्रत्येक धारेनं एका फेऱ्यात ०.१ मिलिमीटरच्या आसपास जाडीचा भुसा काढावा. स्पिंडल, म्हणजे बिट फिरवणारी मोटार, १५,००० आरपीएमवर ठेवला तर १५,००० × २ × ०.१ = मिनिटाला ३,००० मिलिमीटर. हा फीड. याच्या खूप खाली गेलात, समजा ७०० वर, तर धार कापत नाही, घासते. कडा काळी पडते, धुराचा वास येतो आणि बिट एका मखरात बाद होतो. माझ्या पहिल्या मशीनवर नेमकं हेच होत होतं आणि मी दोष बिटला देत होतो. तीन बिट बदलले.

३,००० मिलिमीटरला ५ नं भागा, ६०० आरपीएम. कापताना मोटार या वेगानं फिरणार. रिकामं पळताना ५,००० हवेत, म्हणजे १,००० आरपीएम. हे दोन आकडे कागदावर मोठ्या अक्षरात लिहा. आता प्रश्न ‘किती किलोची’ असा राहिला नाही. ‘६०० आरपीएमला किती किलो उरतात’ असा झाला.

चालीचा निर्णयही इथंच होतो. एका फेऱ्यात १० मिलिमीटर जाणारा १६१० स्क्रू घेतला तर तोच फीड ३०० आरपीएमला मिळतो, पण मोटारीला जोर दुप्पट लावावा लागतो. पट्टा आणि २० दातांची जीटी-२ पुली (दात २ मिलिमीटर अंतरावर) घेतली तर एका फेऱ्यात ४० मिलिमीटर. वेग भरपूर, पण १० किलो-सेंटिमीटरचा जोर पट्ट्यावर जेमतेम १६ किलो ओढ देतो. ५ मिलिमीटरच्या बॉल स्क्रूवर तोच जोर ११० किलोच्या वर ढकलतो. पट्टा नावाच्या पाट्या कोरायला ठीक, सागवान खोल कापायला नाही. आणि लांब स्क्रूची एक गंमत लक्षात ठेवा: स्क्रूची लांबी दुप्पट केली की त्याचा सुरक्षित वेग चौथाईवर येतो. माझा ११०० मिलिमीटरचा १६०५ हजार आरपीएमला शांत फिरतो. दीड मीटरचा घेतलात तर तेवढ्यालाच त्याच्या दोरीउड्या सुरू होतील, मोटार कितीही चांगली असू दे.

जोर मोजायचा कसा

तीन ठिकाणी जोर जातो: घर्षण, वेग पकडणं आणि प्रत्यक्ष कापणं.

घर्षणाला पुस्तकातला आकडा घेऊ नका, मोजा. मोटार लावायच्या आधी स्क्रूच्या टोकावर कपलिंग (मोटार आणि स्क्रू जोडणारा तुकडा) बसवा, त्याला सुतळीचे चार वेढे द्या आणि ताणकाट्यानं हळू ओढा. स्क्रू फिरत राहील एवढ्या ओढीला काटा किती दाखवतो बघा. माझं कपलिंग २५ मिलिमीटरचं, म्हणजे त्रिज्या १.२५ सेंटिमीटर. काटा एक किलोच्या थोडा वर गेला, म्हणून घर्षण १.३ किलो-सेंटिमीटर. पूर्ण लांबीवर ओढून बघा. मध्येच काटा अडीच किलोवर गेला तर तुमची रेल आणि स्क्रू समांतर नाहीत. मोटार मोठी घेऊन तो दोष झाकू नका, बोल्ट सैल करून सरळ करा. मी या सुतळीच्या परीक्षेत एकदा नापास झालोय. एका बाजूची रेल ०.३ मिलिमीटर आत होती.

कापण्याचा जोर: ६ मिलिमीटरचा बिट, ३ मिलिमीटर खोली, एमडीएफ; बिटला मागं ढकलणारी ओढ मी सुरक्षित बाजूनं १० किलो धरतो. १६०५ वर १० किलो ढकलायला लागतात १० × ०.५ ÷ (६.२८ × ०.९), म्हणजे ०.९ किलो-सेंटिमीटर. एवढंच? हो, एवढंच. बॉल स्क्रू हा फार कष्टाळू गडी आहे.

वेग पकडण्याचं गणित मला सगळ्यात मजेशीर वाटतं. माझी गॅन्ट्री स्पिंडलसकट २२ किलो. वाटतं की मोटार या २२ किलोंशी झुंजते. पण ५ मिलिमीटर चालीमुळं मोटारीच्या शाफ्टला ते ओझं कसं दिसतं? सुमारे १४० ग्रॅम-वर्ग-सेंटिमीटर जडत्व. आणि ११०० मिलिमीटरचा स्क्रू? तो एकटाच पाचशेच्या आसपास. ७६ मिलिमीटर लांबीच्या नेमा २३ चा स्वतःचा रोटर? आणखी ४८० च्या आसपास. म्हणजे वेग वाढवताना मोटारीचा जोर गॅन्ट्रीपेक्षा स्क्रूवर आणि स्वतःवरच जास्त खर्च होतो. माळ्यावरच्या नेमा ३४ चा रोटर २७०० होता. ती बिचारी स्वतःलाच ओढून दमत होती. गॅन्ट्री हलकी करायला ॲल्युमिनियममध्ये भोकं पाडत बसलेले लोक मी पाहिलेत. स्क्रूवाल्या मशीनला त्याचा फायदा नखाएवढा.

हे सगळं जडत्व मिळून साडेअकराशे धरलं आणि प्रवेग ५०० मिलिमीटर प्रति सेकंद वर्ग ठेवला तर लागतो ०.७ किलो-सेंटिमीटर.

बेरीज: १.३ + ०.९ + ०.७, म्हणजे तीनच्या आत. स्टेपरला हिशेबाच्या दुप्पट ताकद हवीच. ती एकदा मागं पडली की सावरत नाही, स्टेप चुकतात आणि मशीनला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून ६०० आरपीएमला ६ किलो. हजारला मशीन रिकामं पळतं, कापत नाही, तिथं ४ किलो पुरे.

आलेख मागा, नाही दिला तर इंडक्टन्स विचारा

चांगला विक्रेता टॉर्क आणि वेगाचा आलेख देतो. आडव्या रेषेवर आरपीएम किंवा सेकंदाला पल्स (ड्रायव्हरला मिळणारे हलायचे इशारे) असतात, उभ्या रेषेवर टॉर्क. कोपऱ्यात कोणत्या व्होल्टला काढलाय ते लिहिलेलं असतं, तो आकडा न बघता आलेख वाचू नका; ४८ व्होल्टचा आलेख बघून २४ व्होल्टवर मोटार चालवणारे खूप आहेत. माझी सध्याची मोटार नेमा २३, ७६ मिलिमीटर लांब, १९ किलो, २.८ अँपिअर. ३६ व्होल्टच्या आलेखात ६०० ला ९ किलो दिसतात, हजारला ६. काम झालं.

आलेख नसेल तर तपशिलाच्या कागदावर मिलिहेन्रीचा आकडा शोधा. नेमा २३ मध्ये २ ते ४ मिलिहेन्री असेल तर घ्या. दोन मोटारी एकाच किलोच्या असतील तर कमी इंडक्टन्स आणि जास्त अँपिअरवाली उचला. त्याच घराण्यातली ११२ मिलिमीटर लांबीची, ३० किलोची मोटार समोर ठेवून दुकानदार म्हणेल, थोडेच पैसे जास्त आहेत. ३६ व्होल्टवर आणि हजार आरपीएमच्या आसपास ती बऱ्याचदा १९ वालीच्याच पातळीवर येते. तिथं ११ किलोचे पैसे वाया.

पॉवर सप्लायसाठी जुन्या मेकॅनिक मंडळींत चालणारं एक सूत्र आहे: मिलिहेन्रीचं वर्गमूळ काढा, ३२ नं गुणा, तेवढे व्होल्ट ही वरची मर्यादा. अडीच मिलिहेन्रीला ते ५० येतं. माझ्या जुन्या साडेसहाला ८१. तिला मी २४ दिले होते! मर्यादेच्या वर गेलात तर मोटार तापते. फार खाली राहिलात तर पळत नाही.

इथं नवे लोक हमखास गोंधळतात. मोटारीच्या पट्टीवर ३.१ व्होल्ट लिहिलेलं असतं आणि आपण तिला ३६ देतो, जळणार नाही का? नाही. ३.१ हा कॉइलचा रोध आणि करंट यांचा गुणाकार आहे. ड्रायव्हर ३६ व्होल्टचा दणका देऊन करंट झटकन चढवतो आणि ठरवलेल्या अँपिअरला पोचला की तोडतो, पुन्हा देतो, पुन्हा तोडतो. व्होल्ट जास्त म्हणजे चढण जलद, एवढाच त्याचा अर्थ. जाळतो तो करंट, आणि तो ड्रायव्हरच्या छोट्या स्विचांवर आपण ठरवतो.

ड्रायव्हर मी डीएम ५४२ जातीचा वापरतो. २० ते ५० व्होल्ट, ४.२ अँपिअरपर्यंत. त्याच्या अंगावर दोन रकाने असतात, पीक (करंटचं वरचं टोक) आणि आरएमएस (एक प्रकारची सरासरी). मोटारीचे २.८ आरएमएस धरून मी ३.७६ पीक, २.६९ आरएमएस ही ओळ लावलीय. ५० व्होल्टच्या ड्रायव्हरला ४८ चा सप्लाय लावायचा मोह होतो. मी ३६ वर थांबलो. जड गॅन्ट्री झपकन थांबते तेव्हा मोटार क्षणभर जनरेटर होते आणि व्होल्टेज उलटं ड्रायव्हरमध्ये सोडते; त्याला जागा ठेवायला हवी. ३५० वॉटचा, ३६ व्होल्ट ९.७ अँपिअरचा एसएमपीएस पॉवर सप्लाय चार मोटारींना पुरतो. चारही मोटारींच्या अँपिअरची बेरीज करून अकरा-बाराचा शोधत बसू नका. ड्रायव्हर सप्लायकडून मोटारीपेक्षा बराच कमी करंट ओढतो. टीबी ६६०० हा ड्रायव्हर स्वस्त आहे, शिकायला ठीक आहे, पण तापतो आणि आवाज करतो.

पल्सचंही गणित करून ठेवा. मायक्रोस्टेप, म्हणजे ड्रायव्हर एका स्टेपचे किती तुकडे करतो ते, ८ वर ठेवला तर एका फेऱ्याला १६०० पल्स, मिलिमीटरला ३२०. अर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डावरचं जीआरबीएल सॉफ्टवेअर सेकंदाला ३०,००० पल्सपर्यंत जातं, म्हणजे मिनिटाला ५,६२५ मिलिमीटर. हौसेनं मायक्रोस्टेप १६ केलात तर तीच मर्यादा २,८०० वर येते आणि तुम्ही पुन्हा मोटारीला शिव्या द्याल. मायक्रोस्टेप वाढवून अचूकता त्याच प्रमाणात वाढत नाही, फिरणं मऊ होतं. आठ पुरे.

अंगठ्याएवढ्या गोष्टी, ज्या अडवतात

नेमा १७, २३, ३४ हे तोंडाच्या चौकोनाचे आकडे आहेत, इंचाच्या दहाव्या हिश्शात. ताकदीचे नाहीत. नेमा २३ चं तोंड ५७ मिलिमीटरचं, बोल्टांमधलं अंतर ४७.१४. प्लेटला भोकं पाडताना ४७ धरलं तर बोल्ट बसतात, ४६ धरलं तर फाइल घेऊन बसावं लागतं. नेमा १७ छोट्या, ३०० बाय १८० च्या खेळण्यासारख्या मशीनला. नेमा ३४ चार फूट बाय आठ फुटांच्या, रॅक-पिनियनवाल्या मशीनला. मधल्या सगळ्या घरगुती मशीनांना २३.

शाफ्ट ६.३५ मिलिमीटर की ८, हे ऑर्डर देताना विचारा. १६०५ स्क्रूचं टोक बीके १२ बेअरिंगसाठी कातलेलं १० मिलिमीटरचं असतं, म्हणजे कपलिंग ८ बाय १० किंवा ६.३५ बाय १० लागतं. माझं चुकलं होतं. वडिलांच्या लेथवर पितळेचं बुश कातलं. लेथ नसलेल्या माणसानं आधी विचारावं.

चार वायरची मोटार घ्या. भंगारातून सहा किंवा आठ वायरची मिळाली तर सोडू नका. आठवालीच्या कॉइल पॅरलल जोडा, सिरीजच्या मानानं इंडक्टन्स चौथाईवर येतो. वायरच्या रंगांवर विश्वास ठेवू नका, प्रत्येक कारखाना आपला रंग खेळतो. दोन वायर एकमेकींना टेकवा आणि शाफ्ट बोटानं फिरवा. जड झाला तर ती एका कॉइलची जोडी. मोटार उलटी फिरली तर एका जोडीच्या दोन वायर अदलाबदल करा, पण *सप्लाय बंद करून*. चालू ड्रायव्हरमधून मोटारीची वायर काढली तर ठिणगी पडते आणि ड्रायव्हर जातो. मी एक घालवलाय. वायर नीट घट्ट आहे का हे हलवून बघत होतो, एवढंच निमित्त.

मोटार गरम होईल. हात ठेवता येणार नाही इतकी, ७० अंशांपर्यंत. आमच्या एप्रिलमधल्या पत्र्याच्या शेडमध्ये तर होणारच. स्टेपरला ते चालतं. उभी असताना करंट अर्धा करणारा स्विच ड्रायव्हरवर असतो, तो वापरा.

गॅन्ट्री दोन्ही बाजूंनी दोन स्क्रूंवर चालणार असेल तर दोन मोटारी, दोन ड्रायव्हर, पल्स एकच. एका ड्रायव्हरवर दोन मोटारी पॅरलल जोडू नका, प्रत्येकीला अर्धाच करंट मिळतो. दोन्ही मोटारी एकाच खोक्यातल्या, एकाच लांबीच्या घ्या. एक मागं पडली की गॅन्ट्री तिरकी होते आणि चौकट कापली की तिचा समांतरभुज होतो.

वर-खाली होणाऱ्या अक्षाला वजनाची वेगळी काळजी. माझा स्पिंडल, त्याची पट्टी, सगळं मिळून आठ किलो. ते उचलायला मोटारीला त्रास नाही. त्रास वीज गेल्यावर. बॉल स्क्रू उलटाही फिरतो. मोटारीची पकड सुटली की स्पिंडल कधी जागेवर राहतो, कधी सावकाश खाली येतो. एकदा लोडशेडिंगच्या वेळी फिरता फिरता थांबणारा बिट सागवानी पाटीच्या ऐन नावावर उतरला. त्या अक्षाला १२०४ स्क्रू लावा, चाल कमी म्हणजे घसरणही कमी, आणि शक्य असेल तर कपाटाच्या झाकणाला असतो तसला गॅसचा दांडा आधाराला द्या. ब्रेकवाली मोटार मिळते, पण घरगुती मशीनला मला ती चैन वाटते.

क्लोज्ड लूप स्टेपर घ्यावी का, हा भाच्याचा दुसरा प्रश्न होता. तिच्या पाठीला एन्कोडर, म्हणजे शाफ्ट किती फिरला ते मोजणारा सेन्सर, असतो; मागं पडली तर सावरायचा प्रयत्न करते, नाही जमलं तर ड्रायव्हर अलार्म देतो आणि मशीन थांबवता येतं. अर्ध्या रात्री एकटं मशीन चालवायचं असेल तर पैसे वसूल. पण ती मोटार जास्त ताकदवान नसते. हिशेब चुकला असेल तर ती फक्त प्रामाणिकपणे सांगेल की चुकलाय. आणि सर्व्हो? ४०० वॉटचा एसी सर्व्हो १.२७ न्यूटन-मीटर देतो, म्हणजे जेमतेम १३ किलो. किलोच्या बाजारात १९ वाल्या स्टेपरपुढं हरलेलाच. फक्त तो ते १३ किलो ३,००० आरपीएमपर्यंत तसेच देतो आणि झटक्याला क्षणभर तिप्पट. एमडीएफची मखरं ६०० आरपीएममध्ये कापून होतात. नको.

स्पिंडलचं थोडक्यात. सुरुवातीला सुतारांकडचा ७०० वॉटचा ट्रिमर राउटर चालतो, पण तो पंख्यासारखा घोंघावतो आणि ब्रश खातो. दिवसाला चार तास चालवणार असाल तर पाण्यानं थंड होणारा दीड किलोवॉटचा आणि सोबत व्हीएफडी, म्हणजे विजेची फ्रिक्वेन्सी बदलून त्याचा वेग ठरवणारं खोकं. हा स्पिंडल ४०० हर्ट्झला २४,००० आरपीएम फिरतो. व्हीएफडीत बेस फ्रिक्वेन्सी ५० वर राहिलेली असेल तर पहिल्या मिनिटात तो जळतो, म्हणून वीज जोडल्यावर सगळ्यात आधी तिथं ४०० घाला. त्याची केबल शील्ड असलेली घ्या, शील्ड अर्थ करा आणि स्टेपरच्या वायरींपासून लांब न्या, नाहीतर लिमिट स्विच काहीही न लागता मशीन थांबवत बसतील.

सगळं जोडून झाल्यावर लाकूड लावू नका. टेबलावर डायल इंडिकेटर चुंबकानं बसवा, गॅन्ट्री त्याला टेकवून काटा शून्यावर आणा. मग गॅन्ट्री मागं-पुढं पळवणारा छोटा प्रोग्रॅम लिहा, ८०० मिलिमीटर जाणं-येणं, शंभर फेऱ्या, शेवटी पुन्हा काट्याला टेकणं. प्रवेग ३०० वर ठेवून सुरुवात करा. काटा शून्याला परत आला की ५०० करा, मग ७००, मग ९००. कुठंतरी काटा परत येणार नाही. माझ्या मशीनवर ते ११०० ला झालं. त्या आकड्याच्या साठ टक्क्यांवर मशीन कायमचं ठेवा. वेगाचंही तसंच करा. ही परीक्षा थंडीच्या सकाळी घेऊन चालत नाही, वंगण घट्ट असतं आणि निकाल वेगळा येतो. मी संध्याकाळी मोटारी तापल्यावर पुन्हा एकदा घेतो.

भाच्यासाठी यादी: नेमा २३ च्या चार, १९ किलो, ७६ मिलिमीटर, ८ मिलिमीटर शाफ्ट, इंडक्टन्स तीनच्या आत. डीएम ५४२ चार. ३६ व्होल्टचा एक सप्लाय. गणपती सप्टेंबरात आहेत असं धरून एप्रिलमध्येच ऑर्डर टाक.

आणि माळ्यावरच्या मोटारी तू मागू नकोस. तिसरी वडिलांच्या जुन्या मिलिंग मशीनच्या टेबलाला लावलीय. तिथं शंभर आरपीएमच्या वर कधी जायचंच नसतं, आणि ती असं काम करते की ओतीव बिडाचा ठोकळा पुढं येतो आणि मागं बघत नाही. उरलेल्या दोघींसाठी तसलंच काही शोधतोय.